दुसऱ्या ओळीतली फुली: प्राथमिक वर्गात अनेक अंकी संख्यांचा गुणाकार कसा शिकवावा

चौथीच्या वर्गात फळ्यावर २३ × १४ हे उदाहरण लिहिले, की काही वह्यांत ११५ हे उत्तर हमखास सापडते. वही नीट पाहिली तर मुलाने काय केले ते लगेच कळते. त्याने २३ ला ४ ने गुणून ९२ लिहिले, मग २३ ला १ ने गुणून २३ लिहिले, दोन्ही संख्या बरोबर एकीखाली एक मांडल्या आणि बेरीज केली. पाढा चुकला नाही आणि बेरीजही चुकली नाही. १४ मधला १ हा दहाचा १ आहे, एवढेच त्याच्या लक्षात आलेले नाही. अशा वेळी आपण बहुतेक शिक्षक "दुसऱ्या ओळीत फुली (एककाच्या घरात जागा राखणारी × ही खूण) द्यायला विसरलास" असे सांगतो. मूल फुली देते, उत्तर ३२२ येते, बरोबरची खूण मिळते आणि पुढच्या महिन्यात १३४ × २०५ या उदाहरणात तेच मूल पुन्हा अडते, कारण तिथे किती फुल्या द्यायच्या हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या लेखात अनेक अंकी गुणाकार शिकवण्याचा जो क्रम मांडला आहे तो या एका फुलीभोवती फिरतो. फुलीचा अर्थ मुलाला कळेपर्यंत तिची खूण वर्गात आणू नये, असे माझे ठाम मत आहे. तिच्यापर्यंत पोहोचायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला हा वेळ जास्त वाटतो, पण पाचवीत तो व्याजासह परत मिळतो, कारण भागाकाराची मांडणी, दशांश अपूर्णांकांचा गुणाकार आणि पुढे बीजगणितातील कंसांचा गुणाकार या सगळ्यांचा पाया हाच आहे.

आधी काय तपासावे

गुणाकाराचा धडा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मुलाशी दोन-तीन मिनिटे बोलावे. लेखी चाचणीतून जे कळत नाही ते या बोलण्यातून कळते. पहिला प्रश्न असा विचारावा: "सात सक किती? आणि हे उत्तर विसरलास तर ते कसे शोधशील?" ज्या मुलाला "सात पंचे पस्तीस, त्यात आणखी सात मिळवले की बेचाळीस" असे सांगता येते त्याचा पाढा समजून पाठ झालेला आहे. ज्याला उत्तरासाठी "सात एके सात" पासून सुरुवात करावी लागते त्याला पाढ्याची चाल येते, पण मधूनच पकडता येत नाही. अशा मुलाला मागे ठेवू नये. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर १० × १० चा पाढ्यांचा तक्ता चिकटवावा आणि तो पाहण्याची खुली परवानगी द्यावी. पाढे पक्के होण्याची वाट पाहत त्याला गुणाकाराच्या मांडणीपासून दूर ठेवले, तर दोन्ही गोष्टी राहतात.

दुसरा प्रश्न स्थानिक किमतीचा. ४७ लिहून त्यातल्या ४ वर बोट ठेवावे आणि "एवढे चिंचोके काढून दाखव" असे सांगावे. चार चिंचोके काढणारी मुले तिसरी-चौथीतही भेटतात. मराठीत या अडचणीला भाषेचाही हातभार आहे. आपण "सत्तेचाळीस" म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर, लिहिताना मात्र चार आधी येतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी संख्यावाचनाची जोड पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात तिच्यावर मोठा वाद झाला आणि विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली होती. आपल्या संख्यानामांचा गोडवा मलाही सोडवत नाही. मात्र गुणाकार शिकवताना "सत्तेचाळीस, म्हणजे चाळीस आणि सात" असे दोन्ही एका दमात म्हणायची सवय लावली, तर फायदा नक्की होतो, आणि जुने नावही राहते.

तिसरा प्रश्न दहाच्या गुणाकाराचा आहे. तो इतका महत्त्वाचा आहे की त्यासाठी वेगळे दोन-तीन तास द्यावेत.

दहाने गुणणे आणि शून्याचा खरा अर्थ

"दहाने गुणायचे असेल तर पुढे शून्य लावायचे" हा नियम मुले लवकर पकडतात, म्हणूनच तो उशिरा सांगावा. आधी काड्यांचे गठ्ठे घ्यावेत. तीन सुट्या काड्या ठेवाव्यात आणि "अशा दहा वेळा" म्हणून दहा ठिकाणी तीन-तीन काड्या मांडाव्यात. मग त्या गोळा करून दहाचे गठ्ठे बांधायला सांगावेत. तीन गठ्ठे होतात, सुटी काडी एकही उरत नाही. पुढे एक गठ्ठा आणि दोन सुट्या, म्हणजे १२, अशा दहा वेळा मांडून घ्यावे. आता दहा गठ्ठ्यांचा एक शंभराचा मोठा गठ्ठा होतो आणि दोन सुट्यांचे दोन गठ्ठे होतात. फळ्यावर शतक, दशक, एकक असे तीन रकाने आखून हे प्रत्येक वेळी लिहून दाखवावे. १२ मधला १ दशकाच्या घरातून उठून शतकाच्या घरात गेला, २ एककाच्या घरातून उठून दशकाच्या घरात गेला आणि एककाचे घर रिकामे झाले. ते रिकामे आहे हे दाखवण्यासाठी आपण शून्य लिहितो. शून्य "लावलेले" नसते. अंक एकेक घर डावीकडे सरकले म्हणून ते आले आहे. पुढे २.५ × १० चे उत्तर २.५० लिहिणारी मुले याच ठिकाणी घडतात, त्यामुळे शब्दांची ही काळजी घेण्यासारखी आहे.

यानंतर २०, ३०, ४० ने गुणणे घ्यावे. ६ × ३० हे "सहा त्रिक अठरा, आणि ते अठरा दशक" असे म्हणवून घ्यावे. "अठरा दशक म्हणजे किती?" या प्रश्नावर वर्ग थोडा थांबतो, आणि ते थांबणे मौल्यवान आहे. दहा दशकांचे एक शतक, उरले आठ दशक, म्हणून १८०. खेळण्यातल्या दहा रुपयांच्या अठरा नोटा मोजायला दिल्या तर हे अधिक लवकर उमगते. शेवटी २० × ३० घ्यावे. येथे ६० हे उत्तर फार मुले देतात. वीस रोपांच्या तीस ओळी डोळ्यांसमोर आणायला सांगून "नुसत्या दहा ओळींत किती रोपे?" असे विचारले, की दोनशे हे उत्तर येते आणि ६० हे उत्तर मूल स्वतःच खोडते.

दोन अंकी गुणिले एक अंकी

२४ × ३ ने सुरुवात करावी. दोन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या अशा तीन वेळा मांडून घ्याव्यात, सहा गठ्ठे आणि बारा सुट्या मोजाव्यात, बारातल्या दहा सुट्यांचा एक गठ्ठा बांधावा आणि सात गठ्ठे दोन सुट्या, म्हणजे ७२, असे उत्तर काढावे. हेच लगेच आडव्या मांडणीत लिहावे:

२४ × ३ = (२० × ३) + (४ × ३) = ६० + १२ = ७२

या आडव्या मांडणीवर निदान आठवडाभर राहावे आणि उभ्या मांडणीची घाई करू नये. त्या आठवड्यात मुले तोंडी गुणाकार करू लागतात. ३६ × ४ विचारले की "एकशे वीस आणि चोवीस, एकशे चव्वेचाळीस" असे उत्तर येते आणि त्यात कागद लागत नाही. आपल्या आजी-आजोबांची पिढी तीसपर्यंतचे पाढे पाठ असल्यामुळे हे काम एका पायरीत करत असे. आज आपण मुलांकडून तेवढे पाठांतर करून घेत नाही, तेव्हा संख्या फोडून गुणण्याची सवय तरी त्यांना द्यायलाच हवी.

मग उभी मांडणी आणावी, पण आधी लांब रूपात. ४७ × ६ हे उदाहरण एककापासून सुरू करून दोन ओळींत सोडवावे:

४७
× ६
——
४२ (७ × ६)
२४० (४० × ६)
——
२८२

या लांब रूपात हातच्याचा प्रश्न येत नाही. ते सरावाचे झाले की "४२ मधले ४ दशक वेगळ्या ओळीत लिहिण्याऐवजी डोक्यावर ठेवून नंतर मिळवले तर?" असे विचारून हातचा आणावा. "सात सक बेचाळीस, दोन ठेवले, हातचे चार दशक. चार सक चोवीस दशक, आणि हातचे चार, अठ्ठावीस दशक." "दशक" हा शब्द या टप्प्यावर प्रत्येक वेळी उच्चारायला लावावा. तो शब्द गळला की अर्थही गळायला लागतो.

येथे एक चूक इतकी नेहमीची आहे की तिचे कारण समजून घेतले पाहिजे. ४७ × ६ चे उत्तर काही मुले ४८२ असे लिहितात. त्यांनी हातचे ४ आधी दशकातल्या ४ मध्ये मिळवले, आठ झाले, आणि मग आठ सक अठ्ठेचाळीस केले. हा निष्काळजीपणा नव्हे. बेरजेत हातचा डोक्यावर लिहिला की तो त्या स्तंभातल्या अंकांबरोबर आधीच मिळवतात, आणि दोन वर्षे मुलांनी तेच केलेले असते. तीच सवय ती इथे वापरतात. त्यामुळे "हातचा नंतर मिळव" असे दहा वेळा सांगून फारसे साधत नाही. त्याऐवजी लांब रूपाकडे परत जाऊन "हे ४ दशक सहाने गुणून झालेले आहेत की गुणायचे बाकी आहेत?" असा प्रश्न विचारावा. ४२ ही संख्या गुणाकारातूनच आली, म्हणून तिच्यातल्या चार दशकांना पुन्हा गुणायचे नाही, हे मुलाला पटते. मी हातचा गुण्याच्या, म्हणजे ज्या संख्येला गुणायचे तिच्या, डोक्यावर लिहू देत नाही. उजवीकडे समासात एक छोटी चौकट आखून तिच्यात तो लिहायला सांगते. अंकाच्या डोक्यावर हातचा दिसला नाही की त्यात मिळवण्याचा मोहही कमी होतो.

आयताची मांडणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा

दोन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने गुणताना चार गुणाकार करावे लागतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. त्यासाठी चौकटीची वही किंवा आलेख कागद हे सर्वांत चांगले साधन आहे आणि ते कोणत्याही शाळेत मिळते. वहीचे पान लहान पडले तर दोन पाने चिकटवावीत.

प्रसंग असा द्यावा: एका वाफ्यात मिरचीची रोपे लावायची आहेत, एका ओळीत २३ रोपे, अशा १४ ओळी. मुलांनी आडव्या २३ आणि उभ्या १४ चौकटींचा आयत आखावा. एक चौकट म्हणजे एक रोप. आता "एकूण रोपे मोजा" असे सांगून गप्प बसावे. काही मुले एकेक चौकट मोजू लागतात, काही ओळीओळीने २३, ४६, ६९ असे करतात, एखादे मूल दहा ओळींचे २३० आधी काढते. पाच-सात मिनिटांनी सर्वांच्या रीती फळ्यावर लिहाव्यात आणि दहा ओळी एकदम घेणाऱ्या मुलाची रीत सर्वांना नीट ऐकवावी.

मग प्रत्येकाने आयतात दोन रंगीत रेषा काढाव्यात. एक उभी रेषा २० चौकटींनंतर, दुसरी आडवी रेषा १० ओळींनंतर. आयताचे चार तुकडे होतात. वरचा डावा मोठा तुकडा २० × १०, म्हणजे २००. त्याच्या शेजारचा अरुंद तुकडा ३ × १०, म्हणजे ३०. खालचा डावा २० × ४, म्हणजे ८०, आणि कोपऱ्यातला छोटा ३ × ४, म्हणजे १२. चारही तुकडे वेगवेगळ्या रंगांनी भरून, प्रत्येकात त्याची संख्या लिहून बेरीज करावी: ३२२.

आता पहिल्या परिच्छेदातले ११५ हे उत्तर मुलांसमोर ठेवावे आणि "या मुलाने कोणते तुकडे मोजले, कोणते सोडले?" असे विचारावे. खालच्या चार ओळींचे ९२ त्याने बरोबर मोजले. वरच्या दहा ओळींपैकी मात्र त्याने एकाच ओळीचे २३ घेतले, उरलेल्या नऊ ओळी, म्हणजे २०७ रोपे, तशीच राहिली. ३२२ मधून ११५ वजा करून ते २०७ पडताळूनही पाहता येतात. चुकीच्या उत्तराचे चित्र असे दिसले की ती चूक पुन्हा फारशी होत नाही. २० × १० आणि ३ × ४ हे दोनच तुकडे घेऊन २१२ उत्तर देणारी मुलेही असतात. "दशकाला दशकाने, एककाला एककाने" हा बेरजेतला नियम त्यांनी गुणाकारात आणलेला असतो. त्यांना मधले दोन तुकडे रंगवायला द्यावेत, वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

चार-पाच आयत चौकटी मोजून झाले की चौकटी सोडाव्यात. फक्त एक आयत हाताने काढावा, मापाचा असण्याची गरज नाही, त्याचे चार भाग करावेत, वर ४० आणि ७ लिहावे, बाजूला ३० आणि ६ लिहावे आणि ४७ × ३६ सोडवावे. चार घरांत १२००, २१०, २४० आणि ४२ येतात, बेरीज १६९२. या टप्प्यावर रोज तीनच उदाहरणे द्यावीत, पण प्रत्येक घरातली संख्या कशाची आहे ते तोंडी सांगायला लावावे. तीन अंकी संख्येसाठी आयताचे सहा भाग होतात. १३५ × २४ मध्ये वर १००, ३०, ५ आणि बाजूला २०, ४. ज्या मुलांना पुढे उभी मांडणी जड जाईल त्यांनी याच कोष्टकाने उत्तर काढले तरी पूर्ण गुण द्यावेत, कारण गणित तेच आहे.

उभी मांडणी आणि अखेर ती फुली

कोष्टकातली चारही उत्तरे एकाखाली एक लिहिली की उभी मांडणी आपोआप तयार होते. ४७ × ३६ साठी आधी ६ चे काम, मग ३० चे:

४७
× ३६
——
४२ (७ × ६)
२४० (४० × ६)
२१० (७ × ३०)
१२०० (४० × ३०)
——
१६९२

दोन दिवस असे चार ओळींत करू द्यावे. मग विचारावे, "पहिल्या दोन ओळी मिळून काय होते?" ४७ × ६, म्हणजे २८२, जे काढायला मुले मागच्याच आठवड्यात शिकली आहेत. "आणि खालच्या दोन?" ४७ × ३०, म्हणजे १४१०. आता चार ओळींच्या दोन ओळी होतात:

४७
× ३६
——
२८२ (४७ × ६)
१४१० (४७ × ३०)
——
१६९२

१४१० काढताना "सात त्रिक एकवीस दशक" हे डोक्यात असले, तर एककाच्या घरी काही नाही हे मुलाला आधीच माहीत असते. म्हणून ते प्रथम एककात शून्य लिहून मोकळे होते आणि मग ४७ ला ३ ने गुणते. या ठिकाणी शून्यच लिहायला सांगावे. फुली ही शून्याची जागा राखणारी खूण आहे, तिची स्वतःची किंमत नाही, आणि शाळेत किंवा घरी कोणी ती वापरत असेल तर "हे आपलेच शून्य" एवढे सांगितले की पुरते. पालकांच्या पिढीने फुली शिकलेली असते, त्यामुळे पालकसभेत ही गोष्ट एकदा बोलून घ्यावी, म्हणजे घरी आणि शाळेत दोन वेगळ्या पद्धती आहेत असे मुलाला वाटत नाही.

दुसऱ्या ओळीच्या वेळी पहिल्या ओळीचे हातचे समासात तसेच राहतात आणि चुकून पुन्हा मिळवले जातात. पहिली ओळ पूर्ण झाली की तिच्या हातच्यांवर एक रेघ मारायची सवय लावावी.

मधल्या शून्यासाठी एक पूर्ण तास राखून ठेवावा. २०६ × ३४ मध्ये ४ ने गुणताना "सहा चोक चोवीस, चार ठेवले, हातचे दोन" येथपर्यंत सर्व ठीक असते. पुढे शून्य चोक शून्य म्हणून मूल शून्य लिहिते आणि हातचे दोन विसरते, किंवा शून्याचे घर ओलांडून थेट दोनला गुणते. "शून्य दशक आले, पण हातात दोन दशक आहेत, मग घरात किती?" असे विचारावे. ओळी ८२४ आणि ६१८० येतात, उत्तर ७००४. गुणकात, म्हणजे ज्या संख्येने गुणायचे तिच्यात, मधे शून्य असेल, जसे १३४ × २०५, तर दशकाची ओळ सगळी शून्यांची लिहिण्याची गरज नाही. ६७० लिहावे आणि नंतर थेट २०० ने गुणून २६८०० लिहावे, बेरीज २७४७०. ज्याला ३० च्या ओळीत एक शून्य का आले हे कळले आहे, त्याला २०० च्या ओळीत दोन शून्ये का येतात हे सांगावे लागत नाही. लेखाच्या सुरुवातीचे ते अडलेले मूल इथे मोकळे होते.

अंदाज आधी, उत्तर नंतर

प्रत्येक उदाहरणाच्या शेजारी, सोडवण्यापूर्वी, दोन संख्या लिहायला लावाव्यात. ४७ × ३६ साठी ४० × ३० = १२०० आणि ५० × ४० = २०००. उत्तर या दोन्हींच्या मधेच असले पाहिजे. ४२३ असे उत्तर आले, म्हणजे दुसऱ्या ओळीतले शून्य सुटले, तर मुलाला शिक्षकाकडे येण्याआधीच शंका येते. दुसरा पडताळा एककाच्या अंकाचा: ७ × ६ = ४२, म्हणून उत्तराच्या शेवटी २ हवेच. तिसरा पडताळा गुण्य आणि गुणक यांची अदलाबदल करून, ३६ × ४७ सोडवून करता येतो. तो सर्वांत खात्रीचा आहे, पण वेळ घेतो, म्हणून दिवसातून एकाच उदाहरणाला लावावा.

आणखी काही रीती, आणि त्यांची वेळ

एकच गुणाकार अनेक तऱ्हांनी करता येतो, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत १३५ × १२ हे एकच उदाहरण घेऊन त्याच्या वेगवेगळ्या रीती सांगितल्या आहेत. १२ चे ८ आणि ४ असे दोन खंड केले तर १०८० आणि ५४० मिळून १६२०. १२ म्हणजे ४ × ३ असे घेतले तर ५४० ची तिप्पट, पुन्हा १६२०. स्थानांप्रमाणे १० आणि २ केले तर १३५० आणि २७०. आणि १२ मध्ये सोयीची संख्या ८ मिळवून २० केले, तर २७०० मधून १०८० वजा. चौथी-पाचवीच्या मुलांना या रीती फार आवडतात, आणि जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, हे त्या भागातल्या शाळांनी मुलांना आवर्जून सांगावे. वर्गात याच धर्तीवर रोज एक तोंडी उदाहरण घ्यावे: ९८ × २५ म्हणजे शंभर वेळा पंचवीस वजा दोन वेळा पंचवीस, २४५०, किंवा ३५ × १८ म्हणजे ७० × ९, म्हणजे ६३०.

जाळीची पद्धत हातच्यात वारंवार चुकणाऱ्या मुलांना उपयोगी पडते. दोन बाय दोन घरांची जाळी काढून प्रत्येक घरात वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारावी. वर ४ आणि ७, उजव्या बाजूला ३ आणि ६ लिहावे. घरांत १२, २१, २४ आणि ४२ भरावेत, दशक रेघेच्या वर आणि एकक खाली. मग तिरक्या पट्ट्यांची उजवीकडून बेरीज करावी: २, नंतर ४ + ४ + १ = ९, नंतर २ + २ + २ = ६, शेवटी १. उत्तर १६९२. तिरकी पट्टी म्हणजे एकच स्थान, एक पट्टी एककाची, पुढची दशकाची, हे सांगितले नाही तर ही नुसती चलाखी उरते. म्हणून मी ती आयतानंतरच शिकवते.

"उभे-तिरके" गुणाकाराची जलद रीत अनेक पालक घरी किंवा शिकवणीत मुलांना देतात. २३ × १४ मध्ये ३ × ४ = १२, दोन ठेवले, हातचा एक; तिरके २ × ४ आणि ३ × १ मिळून ११, हातचा धरून १२, पुन्हा दोन ठेवले; २ × १ आणि हातचा मिळून ३; उत्तर ३२२. यात आयताचे तेच चार तुकडे आहेत, फक्त मधले दोन एकत्र केले आहेत. ज्या मुलाला आयतावर बोट ठेवून हे दाखवता येते त्याने ती खुशाल वापरावी. बाकीच्यांनी सहावीपर्यंत थांबलेले चांगले.

सराव आणि बहुवर्ग शाळा

एका दिवशी वीस उदाहरणे देण्यापेक्षा पाच द्यावीत आणि त्यांपैकी एक आधीच सोडवलेले, पण चुकीचे असावे. चूक शोधून ती आयतात कुठे आहे ते दाखवणे हा गृहपाठ मुले आवडीने करतात. शाब्दिक उदाहरणे मुलांकडूनच तयार करून घ्यावीत: अंड्यांच्या एका ट्रेमध्ये ३० अंडी, दुकानात असे २४ ट्रे, एका पेटीत ४८ आंबे, टेम्पोत ६५ पेट्या. तिसरी-चौथी एकत्र बसणाऱ्या शाळेत त्याच उदाहरणावर दोन्ही वर्गांना काम देता येते. तिसरीने ६५ पेट्यांऐवजी ५ पेट्यांचे आंबे काढावेत, चौथीने ६० पेट्यांचे, आणि शेवटी दोघांनी बेरीज एकत्र करावी. तिसरीच्या मुलांनी काढलेले २४० आणि चौथीने काढलेले २८८० मिळून ३१२० होतात, आणि उभ्या मांडणीच्या दोन ओळी वर्गात दोन गटांच्या रूपाने उभ्या राहतात.

शेवटची तपासणी लेखी घेऊ नये. मुलाची सोडवलेली वही समोर ठेवावी, दुसऱ्या ओळीतल्या १४१० वर बोट ठेवावे आणि "ही संख्या कशाची आहे?" एवढेच विचारावे. "सत्तेचाळीस गुणिले तीन" असे उत्तर आले तर आयताच्या कागदाकडे परत जावे. "तीस ओळींमधली रोपे" असे म्हणाले, तर त्या मुलाला तीन अंकी गुणकाची उदाहरणे त्याच दिवशी द्यावीत.